हातभर राज्य

चिचटोल्यात मोजणीला गेलो
तेव्हा फितीचं दुसरं टोक धरायला पैकू आला.
कागदावर तो पंच क्रमांक दोन.
पायात काही नाही, कानामागे विडी.

गट नंबर एकशे सदुसष्ट.
दोन चुलतभाऊ, मध्ये धुरा,
धुऱ्यावर तुरीची चार झाडं
आणि सहा वर्षांचा दावा.

'धुरा कोणाचा?' मी विचारलं. तसा रकानाच होता.
'तिवसराजाचा,' पैकू म्हणाला.
मी 'ति' लिहिला आणि पेन थांबलं.

'तवा माणसाले जागाच नोती जी.
पाणी पाणमांजरायचं,
डोंगर अस्वलायचा, माती वारुळायची,
रात तं घुबडानं कवाचीच नावावर करून घेतली.
माणसं उभी बगळ्यावानी, एका पायावर.
दुसरा टेकवला तं कोनाच्या तरी हद्दीत जायचा.'

तिवस कोणाचा लेक, कोणाला ठाऊक नाही.
तिवसाच्या ढोलीत सापडला म्हणून तिवस.
तो सगळ्यांच्या दारी गेला,
डोक्यावर मोहाची टोपली घेऊन.
अस्वलाला म्हणाला, तुझं तुला राहो.
पाणमांजराला म्हणाला, तुझं तुला.
तुमच्या दोघांच्या मधलं
जे तुझंही नाही आणि त्याचंही नाही,
तेवढं मला द्या.

सगळे हसले. एक वारूळ तर हसता हसता खचलं.
घे म्हणाले, हातभर.

तो चालत सुटला.
हातभराला हातभर जोडत
वैनगंगेच्या काठापासून
धुकं जिथं संपतं तिथपर्यंत,
आणि तिथून वळून परत.
लांबीचा हिशेब नाही,
रुंदी मात्र तेवढीच.
सिंहासन मावेना, म्हणून राजा बसला नाही.
निजायचं तर लांबीत निजायचं.
राणी एक तर पुढे, नाही तर मागे.
स्वारी करायला आलेल्या फौजेलाही
एकामागे एक यावं लागलं,
आणि शेवटचा शिपाई पोचेपर्यंत
पहिला म्हातारा झाला.

'कायदा एकच केला त्यानं,' पैकू म्हणाला.
'समोरासमोर आले दोघं,
तं ज्याच्या डोक्यावर ओझं नाही
त्यानं चिखलात उतरायचं.
राजा असला तरी.'

मी फीत ताणली.
बावीस सेंटिमीटर, पूर्वेकडे सरकलेला.
दोघे चुलतभाऊ दोन टोकांना,
एकाने आकडा ऐकला,
दुसऱ्याने ऐकला नाही असं दाखवलं.

'मग राजाचं काय झालं?'
पैकूनं विडी काढली, पेटवली नाही.
'एक डाव समोरून बाई आली, परह्याचा भारा घेऊन.
याच्याही डोक्यावर ओझं होतंच की, अख्खं राज्य.
कायद्यात तं हे लिवलंच नोतं.
दोघंबी उभे. दिवस गेला, रात गेली.
बाईच्या भाऱ्यातले परहे पिवळे पडाले लागले.
तवा राजा उतरला.
उतरला, तं राज्याबाहेर गेला ना जी.
राज्य रायलं धुऱ्यावर, अना धुऱ्यावर होती बाई.'
'आणि ती?'
'ते काय, रोवायले गेली. उशीर झाला होता तिले.'

पुढे माणसांची सात राज्यं झाली म्हणतात,
सातही रुंद.
त्यांच्या राजांची नावं पैकूला आठवत नाहीत.

पंचनाम्यावर त्यानं अंगठा दिला.
तो रकाना मी खोडला, पण 'ति' दिसतोच.

परत निघालो तेव्हा तिपाई खांद्यावर,
पाठीवर साडेचार लाखांचं सरकारी मशीन.
धुऱ्याच्या मध्यावर समोरून एक बाई,
डोक्यावर परह्याचा भारा,
पाणी तिच्या कानशिलावरून निथळत होतं.
ती थांबली. मी थांबलो.
मागून पैकूच्या काडीचा आवाज आला.

ती माझ्या बुटांकडे पाहत होती.