डाव्या हाताचं बोट

मार्च संपत आला तरी होडीवर गुडघाभर बर्फ.
सौनामागे ती पालथी पडून आहे
आणि आम्ही स्वयंपाकघरात भांडतोय,
जुलैत तिला कुठल्या पाण्यात सोडायचं यावरून.

नकाशा टेबलापेक्षा मोठा.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर आईचा कप,
तिसरा यालमारीने कोपराने दाबून धरलाय,
चौथा सारखा वळून वर येतो,
त्यालाही काही सांगायचं असल्यासारखा.

या देशात तळ्यांना तोटा नाही.
कुणी वरून चाळणीने पाणी ओतलं असावं:
निळं, निळं, मध्ये जराशी जमीन, पुन्हा निळं.
आई म्हणते, ज्याच्यापुढे फार ताटं
तो उपाशीच उठतो.

यालमारीला हवंय दुसरा काठ न दिसणारं तळं.
सोळा वर्षांचा आहे. त्याला तूर्त कुठलाच काठ नकोय.
हिल्लाला सील पाहायचाय, पूर्वेकडच्या पाण्यातला,
समुद्राची वाट चुकून गोड्या पाण्यात राहिलेला.
"नुसतं डोकं दिसलं तरी चालेल," म्हणते,
जणू घासाघीस करतेय.
आईला पाच किलोमीटरच्या आत दुकान,
पाच किलोमीटरच्या आत शेजारी नकोत,
आणि डास कमी.
डास कमी! यालमारी हसून हसून वाकतो,
नकाशा सुटतो, मीठ सांडतं.

माझ्याजवळ वही आहे.
धक्क्याची उंची. पायऱ्या किती. कठडा आहे का.
दवाखाना किती मिनिटांवर.
हे सगळं मी "इतर" या मथळ्याखाली लिहिलंय.
सगळ्यांनी वाचलंय. कुणी विचारलेलं नाही.

बाबा खिडकीशी.
ऑक्टोबरपासून उजवा हात त्यांच्या मांडीवर असतो,
प्रवासात कुणी "जरा बघा हं" म्हणून ठेवून गेलेल्या
सामानासारखा.
शब्दही सगळे परतलेले नाहीत.
"नको" सर्वांत आधी आला. मग "कॉफी". मग हिल्लाचं नाव.
माझं अजून वाटेत आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता.
मे महिन्यात एका संध्याकाळी, हाताला डांबराचा वास,
ते दारातूनच सांगत, "यंदा अमुक तळं."
आम्ही वाटभर कुरकुरायचो
आणि पहिल्या रात्री, पाणी पाहून, गप्प व्हायचो.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.
टेबलाची कड धरत ते आले,
डाव्या हाताचं बोट नकाशावर टेकवलं
आमच्या गावापाशी,
आणि बोट निघालं.
घाई नव्हती त्याला.
मोठ्या तळ्यावरून गेलं, यालमारीने श्वास धरला,
सीलच्या पाण्याला वळसा घातला, हिल्ला "अरे अरे" म्हणाली,
आणि वर, जंगलात,
मसुराएवढ्या निळ्या ठिपक्यावर थांबलं.

नाव वाचायला भिंग आणावं लागलं.
मुस्तालाम्पी. म्हणजे काळं डबकं.
या नावाची डबकी गावोगाव आहेत.
"तिथे कोण जातं सुट्टीला?" आई म्हणाली.

"गोल," बाबा म्हणाले.
नवा शब्द होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"गोल." दुसऱ्यांदा जरा चिडून.
मग बोट उचलून त्यांनी मूठ वळली,
हवेतलं एक वल्हं धरलं
आणि ओढलं. पुन्हा ओढलं.
एकाच वल्ह्याने होडी जागच्या जागी फिरते,
हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं,
आमच्यावर हसत.
आताही हसले, अर्ध्या तोंडाने.

"दुसरं वल्हं मी," हिल्ला.
"तुझे हात तरी पुरतात का?" यालमारी.
"तुझे पुरतात, पण तुला काठ नको असतो."
त्यांचं जुंपलं.
मी वहीत "कठडा"वर रेघ मारली, मग पुन्हा लिहिलं.

बाबांनी बोट परत ठिपक्यावर ठेवलं,
नीट, मधोमध.
"डास असणारच," म्हणत आईने कप उचलला.
तिचा कोपरा सुटला,
सगळा देश गुंडाळत आला
त्या बोटापर्यंत,
आणि तिथे अडला.