खांब क्रमांक दोनशे चौदा

नरडाण्याच्या पुढे, बुराईच्या अलीकडे
जमिनीखाली दीड मीटरवर पेट्रोल वाहतं.
वर दादर.
दादरीला ते ठाऊक नसतं, पेट्रोललाही नसतं.
ठाऊक असणं हे माझं काम होतं,
महिना एकोणीस हजार, कंत्राटी, बूट ज्याचे त्याने.

कामाची रीत अशी:
खांबापाशी उकिडवं बसायचं,
मातीला तांब्याभर पाणी पाजायचं,
निळ्या पाण्यातली कांडी ओल्यात टेकवायची
आणि मीटर म्हणेल ते लिहायचं.
वजा शून्य पॉइंट पंच्याऐंशी किंवा त्याहून जास्त, तर पाइप निवांत.
कमी भरलं तर गंज जागा झाला.
ताप बघतात तसं, दर महिन्याला.

पहिलं खोटं लिहिलं ते उन्हामुळे.
मे महिना, खांबाला हात लावला तर कातडी सोलायची.
सोनगीरच्या ढाब्यावर शेवभाजी येईपर्यंत
मी अकरा खांबांची नाडी पाहिली.

मग जेसीबीने दोनशे चौदा उखडला.
मी फोन केला. सुपरवायझर म्हणाले,
नवा येतोय, तोवर लिहीत राहा.
दोन वर्षं पाच महिने
मी नसलेल्या खांबाचं रीडिंग लिहिलं.
एक्क्याण्णव. नव्वद. ब्याण्णव.
खोट्यालाही अधूनमधून हलवावं लागतं,
नाहीतर ते मेलेलं दिसतं.

जमीला तडवी मॅडम यावलकडच्या.
सरकारी बोलेरो, कॅनव्हासचे बूट.
चहा नको म्हणाल्या,
दोन तास नुसतं रजिस्टर वाचलं.
माझं अक्षर इतकं मन लावून
शाळेतही कोणी वाचलं नव्हतं.
"एकोणीस ऑगस्टला बुराईला पूर होता ना?"
मी म्हटलं, हो.
"तुम्ही त्या दिवशी पलीकडे कसे गेलात?"
मी पंख्याकडे बघितलं.
"चला," त्या म्हणाल्या, "खांब दाखवा."

पुढे सुकलाल ठेलारी, लाइनवर रोज चालणारा,
बापाच्या मेंढ्यांमागे शिकलेली चाल.
बांधाशी थांबला, काठी टेकवली:
"आठेच व्हता. आते नही शे."
त्याला कोणी आधी विचारलंच नव्हतं.

शेतात यमुनाबाई मजुरांचा चहा उकळत होत्या.
चुलीला तीन दगड.
त्यातला एक सिमेंटचा, काजळलेला,
त्यावर पिवळ्यात अर्धवट: दोन, एक.
मॅडमनी चूल हळूच विझवायला लावली.
त्यांचा आवाज तेवढ्यात एकदाच बदलला.

मग शेजारच्या खांबापाशी स्वतः उकिडव्या बसल्या,
स्वतःच्या बाटलीतलं पाणी मातीला पाजलं.
वजा शून्य पॉइंट एकसष्ट.
रागावल्या नाहीत.
माझं पूर्ण नाव विचारलं, वडिलांच्या नावासकट,
आणि प्रत्येक सहीखाली मला पुन्हा सही करायला लावली.
एकोणतीस.

नोटीस मुंबईला गेली. तीस दिवसांत खुलासा.
खुलासा आला: दप्तरी चूक.
ती दप्तरी चूक म्हणजे मी.
वर मिशी आहे, दोन मुली आहेत.

पण खुलाशावर भागलं नाही. आदेश निघाला: खोदा.
दोनशे चौदाला खोदलं,
तर पाइपाच्या अंगावर बोराएवढा खळगा.
उरलेली जाडी तीन मिलिमीटर.
धाकटीची पाटी असते, तेवढी.
त्या पाटीच्या वर दोन पावसाळे चहा उकळला होता.

दंड झाला पंचाहत्तर लाख.
मी हिशेब केला. माझा तेहेतीस वर्षांचा पगार.
पाइपातून तेवढ्याचं पेट्रोल
सात मिनिटांत जातं.

मला काढलं. सुपरवायझर अकोल्याला गेले, बढतीवर.
मी आता शिंदखेड्यात मोटारी भरतो,
बोअरच्या, पाण्याच्या.
कोणी विचारलं किती दिवस चालेल,
तर आधी उघडून बघतो, मग सांगतो.

परवा सुकलाल भेटला बाजारात, मिरची घेत होता.
नवा खांब लागलाय म्हणे, नंबर ठसठशीत.
दर महिन्याला एक पोरगा येतो,
बसतो, पाणी पाजतो, लिहितो.
खरं लिहितो का, मी विचारलं.
सुकलालने मिरचीचा देठ मोडला, वास घेतला.
"लिखस तर खरं," म्हणाला.
"वाचाले कोनी उनं नही अजून."