हाताच्या पाठीने

सकाळी सहाला, पोटात काही नसताना,
सातपूरच्या कॉलनीत मी लोकांचं रक्त घेत फिरतो.
स्कूटरच्या डिकीत नळ्या किणकिणतात.
दार उघडलं की माणसाआधी घराचा वास येतो,
कुठे अगरबत्ती,
कुठे कालच्या कढईतलं तेल.

पुंजाहरी आहेर, वय एक्केचाळीस, मेन्टेनन्स फिटर.
दुसरी पाळी सुटली की रात्री बारा वाजता
त्र्यंबक रोडच्या गाडीवर भजी, पाव, वर एक गार बाटली.
पंधरा वर्षं.
"घरी जावं तर सगळे झोपलेले," म्हणाला,
"गाडीवाला तेवढा जागा असतो."
मूठ आवळा म्हटलं,
तर नट आवळावा तशी आवळली.

रिपोर्ट द्यायला मीच गेलो.
साखर काठावर. खाली सीआरपीची ओळ,
ठळक छापलेली: आठ पॉइंट चार.
"हे काय?"
सूज, म्हटलं.
त्याने बनियन वर करून पोट दाबलं, घोटे पाहिले.
"कुठंय? ताप नाही, ठणका नाही."

मी डॉक्टर नाही. काउंटरमागून ऐकलेलं तेवढं सांगितलं:
आग नाही ही, धग आहे.
रक्ताच्या वाटा आतून खरवडत बसते,
हृदय, साखर, सांधे, कुठे उमटेल ते आधी कळवत नाही.
आणि एका वड्याने काही होत नाही.
एका वड्याला कोण काय म्हणेल?
रोजच्याने होतं.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"बेअरिंग."
आवाज नाही, मशीन थांबत नाही, माल निघतोय,
पण केसिंगला हाताची पाठ लावली की समजतं
आत ग्रीस जळतंय.
तळहात नाही लावायचा. त्याला घट्टे पडलेले, तो खोटं बोलतो.
"सुपरवायझर म्हणतो, चालतंय ना? चालू दे."
आणि हसला.
"इथं तर मीच सुपरवायझर."

द्राक्षं संपली, उन्हाळा गेला.
वैजयंता आता डब्यात नागलीची भाकरी देते,
मेथी, जवसाची चटणी; तो बाराला गार झालेलं खातो
कंपनीच्या गेटवर, वॉचमनसोबत.
रविवारची मिसळ सोडलेली नाही.
"तसं डॉक्टरलाच सांगितलंय," म्हणाला, "फक्त तर्री अर्धी."
जूनमध्ये पुन्हा सुई.
पाच पॉइंट नऊ.
"उतरलं?"
उतरलं. थंड नाही झालं.

परतताना नऊ वाजले, माझ्याच पोटात खड्डा.
नाक्यावरच्या गाडीपाशी स्कूटर लावली,
दोन वडे सांगितले.
कढईतलं तेल चहाहून काळं.
प्लेट येईपर्यंत, कुणी बघत नाही असं पाहून,
बरगडीखाली हाताची पाठ टेकवली.
गरम.
माणसाचं असतं तेवढं, की जास्त?
माझा हात कधी मशीनवर चाललेला नाही.

"साहेब," गाडीवाला म्हणाला,
"चटणी लाल की हिरवी?"