पोचा

तोंडाशी जरा चेपलीय? राहू दे, म्हणतो ओइवा,
साच्यातून गेली की होईल गोल.
खांद्यावर पोचा? नख अडकतंय त्यात?
नाही ना. मग तीही राहू दे.
बार उडाला की आतून फुगते, सरळ होते.
आमच्या घराण्यात इतकं सरळ कोणी झालेलं नाही.

बाहेर काइनूचा ऑक्टोबर,
सॉना विझून तास झाला तरी भिंत कोमट,
टेबलावर परवाचं वर्तमानपत्र
आणि त्यावर उभ्या चाळीस पितळी पुंगळ्या.

मान चिरलेली लगेच कळते.
चार-पाच मुठीत घेऊन खुळखुळवायच्या.
धड असतात त्या किणकिणतात,
तडा गेलेली मडक्यासारखी बद्द बोलते.

फसवतात त्या चकचकीत.
बाहेर ओरखडासुद्धा नाही, आणि आत
बुडापासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर
पितळ ताणून ताणून विरलेलं,
गोल फिरलेली एक खाच.
तिथून तुटली तर काय होतं, ते वेसाला विचार, म्हणतो.
उजव्या बाजूने विचार,
डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

त्यासाठी ही तार.
कागदाची क्लिप सरळ करून टोकाशी वाकवलेली,
कानशीने घासून अणकुचीदार.
आत घालायची, भिंतीला टेकवून वर ओढायची.
अडली की संपलं.

अठ्ठावीस वर्षं तोच ओढत आला.
यंदा तार माझ्या हातात दिली.
मार्चपासून बोटांना कळत नाही, एवढंच बोलला,
आणि स्वच्छ असलेला पक्कड पुसत बसला.

मी ओढते. गुळगुळीत.
पुढची. गुळगुळीत.
'लागलं काही?'
'नाही.'
'नीट बघ.'
'बघतेय.'

सतराव्या पुंगळीत काहीतरी.
खाच नसेल. काजळी असेल, जळक्या दारूचा कण.
पुन्हा ओढते. आहे.
नाही.
आहे.
सगळ्यांत देखणी हीच,
बुडावरचे आकडे अजून कोरे करकरीत.
'काजळीच असणार,' मी म्हणते.

तो हात पुढे करतो.
मला वाटतं, तार मागतोय.
पुंगळी घेतो, पकडीत धरून तोंड चपटं करायला जातो
आणि जोर पुरत नाही.
दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी.
मी खिडकीकडे बघते, जिथे काहीच दिसत नाही.
पत्र्याच्या डब्यात टण्ण.
'अठरावी,' म्हणतो.

राहिल्या एकतीस, त्यातल्या नऊ पोचेवाल्या.
शनिवारी मूसच्या शिकारीला निघायचं.
त्याची बंदूक आणि माझी एकाच मापाची.
मला वाटलं होतं, निदान आपल्यापुरत्या तरी
तो नव्या विकत आणेल.
त्याने सगळ्या एकाच पेटीत भरल्या,
झाकण लावलं,
आणि पेटीवर काहीच लिहिलं नाही.