जोड

बिटकोच्या मागच्या गल्लीत, हौद बुजवून
जिथे रिंग मांडली, त्या तालमीसमोरच्या टपरीवर
रोज साडेसातला तोच खटला उभा राहतो:
रेमंड साळवे मोठा की एकनाथ गांगुर्डे?

आत्तार न्हाव्याला आकडे पाठ.
एकेचाळीस लढती, एकोणचाळीस जिंकल्या.
बाकी बोलू नका.

लोणारी बोलतोच.
जिंकल्या, पण कुणाशी, ते सांग की.
निम्मे हौशे, निम्मे गवशे,
एकाला तर वरातीतून उचलून आणलेला,
कपाळावर मुंडावळ्यांचा वळ तसाच.
आमचा एकनाथ बघ, तोफखान्यातले आडदांड घेतले त्याने,
हरियाणाचे, मणिपूरचे.
नऊ वेळा हरला,
पण कुणापुढे हरला!

मग चहावर साय धरते.
मग ठरलेला प्रश्न: हे दोघं
एकमेकांसमोर का नाही आले कधी?
शरणपूर ते देवळाली कॅम्प, सायकलवर तासाभराची वाट.
आत्तार म्हणतो, एकनाथने मुद्दाम वजन वाढवलं.
लोणारी म्हणतो, साळव्याचं मनगट
बरोबर त्याच आठवड्यात कसं दुखायचं?
वेदांग मोबाईल चाळतो, नवा पोरगा,
त्यात दोघांचंही नाव सापडत नाही.
स्पेलिंग चुकलं असेल, म्हणतो.

मी बाकाच्या टोकाला, किल्ल्या घेऊन.
तालीम उघडायची, दोर ताणायचे,
घामट ग्लोव्हज उन्हात पालथे घालायचे.
मला मत विचारत नाहीत.

लोणारी साळव्याच्या सोप्या जोडी मोजतो बोटांवर.
सिन्नरचा बिडीवाला.
भगूरचा कंपाउंडर.
आणि तो कोण रे, प्रेसमधला, पगार की पगारे,
दुसऱ्या फेरीत आडवा.

पगारे.
तिसऱ्या फेरीत.

पिंपळगावच्या वखारीत, द्राक्षं तोलायच्या काट्यावर
वजनं झाली आमची. मी दीड किलो कमी.
डझनभर केळी खाल्ली, वर नळाचं पाणी
पोट डुचमळेपर्यंत. तोलणारा म्हणाला,
एखादा घड खिशात टाकू का?

साळव्याने मला निवडला, म्हणतात.
तू हो का म्हणालास, हे कुणी विचारत नाही.
त्याच दिवशी ओझरचा एक पोरगा होता मोकळा,
माझ्याच वजनाचा, माझ्याइतकाच कच्चा.
जिंकलोही असतो. प्रेसच्या फळ्यावर
खडूने नाव आलं असतं.

मला साळव्याचा डावा बघायचा होता.
लोकांनी तो बाजूने पाहिलाय, खुर्च्यांवरून.
समोरून तो वेगळा असतो.
आधी खांदा झोपी गेल्यासारखा होतो,
तुम्हाला वाटतं, दमला बिचारा,
आणि मग दिवे.

एक माझाही बसला, पहिल्या फेरीत.
नाकपुडीशी लाल ठिपका. तो हसला, खुशीत,
बरोबर सुटं दिल्यावर दुकानदार हसतो तसा.

नंतर माझा माणूस सोडा आणायला गेला तो गेलाच.
माझ्या ग्लोव्हजच्या गाठी साळव्यानेच सोडल्या, दातांनी.
केळी खाऊन आलास ना? म्हणाला,
वास येतोय.
मी शुद्धीवर पुरता नव्हतो, म्हणून धीर झाला.
विचारलं, एकनाथशी कधी?

तो गाठीशी झटत होता.
रोज भेटतो की, म्हणाला.
वालदेवीच्या पुलावर, पहाटे, पळताना.
तो तिकडून येतो, मी इकडून.
मग गाठ सुटली, दोरी थुंकून म्हणाला,
अजून थांबलं नाही कुणी.

एवढंच. भीती होती की अदब,
की पुलावर थांबलं तर घाम गार होतो म्हणून,
मला नाही सांगता येणार.
कितीदा वाटलं, टपरीवर बोलावं.
मग हे दोघं रोज सकाळी करतील काय?

आज एवढंच म्हणालो, तिसऱ्या फेरीत.
लोणारी म्हणाला, तेच ते.
आत्तार म्हणाला, तुला काय माहीत?

उठलो. कुलूप काढलं.
कालचे ग्लोव्हज अजून ओलेच होते.