खडूचा खर्च

दुकान सेलूला, मोंढ्यामागच्या गल्लीत.
नाव शटरवर रंगवलेलं,
म्हणजे दुकान उघडं असलं की नाव वर गुंडाळून जातं
आणि बंद झाल्यावरच लोकांना कळतं
की इथं मोटारी भरून मिळतात.

म्हणून शाळेच्या लिलावातून फळा आणला.
कोपऱ्यात कुणाची तरी न पुसलेली पटसंख्या :
मुलं एकवीस, मुली सव्वीस.
ती तशीच ठेवली.
खाली लिहिलं :
मोटार एकदम जळत नाही. आधी वास येतो.

मुनीर कॉइलवरून मान न उचलता म्हणाला,
"लोकान्ला वास कळाया लागला
तर आपुन काय हुंगत बसायचं का?"

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास.
तेवढ्यात पंख्याची एक कॉइल भरून होते,
हे मुनीरनं भिंतीवर पेन्सिलीनं मांडून ठेवलंय :
अर्धा तास = एक पंखा.
तोही लिहूनच सांगतो,
हे मी त्याला अजून बोललेलो नाही.

बेअरिंग आवाज करतंय म्हणजे काहीतरी सांगतंय,
टीव्हीचा आवाज वाढवू नका.
कूलर बंद करा, मग पाणी भरा.
पंप कोरडा फिरवू नका, तो बोलत नाही म्हणून काय झालं.

दिवाळी झाल्यावर वही काढली.
श्रावणापासून फळा वाचून आत आले : अकरा.
त्यात दोघं पोस्टाचा पत्ता विचारायला.
एक रिटायर गुरुजी, व्होल्टेजमधला व्हो सुधारून गेले.
काम घेऊन आले : चार. एक उधार.
खडू तीन बॉक्स, साठ रुपये.
शहात्तर सकाळी, म्हणजे मुनीरच्या भिंतीप्रमाणे
शहात्तर पंखे.
थंडीच्या तोंडावर शहात्तर पंखे आणले कुणी होते,
हे विचारायचं राहिलं.

आणि मग केवळाबाई.
गिरणी त्यांची, दर दिवाळीला मोटार जळायची,
अनारशाच्या, चकलीच्या पिठांची रांग लागली की नेमकी.
त्यांचे चार हजार आम्ही धरूनच चालायचो,
बोनससारखे.
यंदा त्या आल्या त्या चिवड्याचा डबा घेऊन.
"वास आला तशी पट्टा काढला बघा.
तासभर थंड होऊ दिली. वाचली."

मुनीरनं चिवडा खाल्ला. काही बोलला नाही.
वही माझ्यासमोर उघडीच होती.
न जळालेली मोटार कुठं लिहू?
जमेला तिला रकाना नाही.
नावे तर मुनीर मनात केव्हाच लिहून मोकळा झालेला.

अजून एक नोंद आहे, वहीत न बसणारी.
एका सकाळी लिहायला घेतलं :
कपॅसिटर फुगतो, कारण
आणि खडू थांबला.
सव्वीस वर्षं मी तो बदलतोय.
हाताला माहीत आहे.
मला कुणी विचारलंच नव्हतं,
मीसुद्धा नाही.

जेवणापर्यंत एक फुगलेला कापून बसलो,
आतली पट्टी उलगडली, काळी पडलेली जागा शोधली.
तोवर फळ्यावर तेवढंच, "कारण".
चहावाला थांबला. बारदानावाला थांबला.
"कारण काय?"
म्हटलं, उद्या.
दोघंही दुसऱ्या दिवशी आले,
दोघांकडेही मोटार नाही.

जिंतूर रोडला नवं दुकान झालंय,
लुकलुकणाऱ्या दिव्यांची पाटी, तिच्यावर फक्त नंबर.
ते बरोबर असतील.
नंबर फिरवला की काम येत असेल,
फळा वाचून आधी प्रश्न येतो,
आणि प्रश्नाचं बिल करता येत नाही.

आज खडू संपला.
तोष्णीवालच्या दुकानात उभा राहिलो,
ते म्हणाले, डझन न्या, स्वस्त पडेल.
डझन बॉक्स म्हणजे पुढची दिवाळी.
तेवढा निर्णय माझ्याजवळ नव्हता.

एकच द्या, म्हटलं. पांढरा.
आणि निळा असेल तर एक कांडी सुटी.
मुनीरनं सांगितलीय.
कशाला, ते सांगितलं नाही.