हातचा

सतरा मीटर माती, चिकणमाती, वाळूचा खडक.
त्याखाली सव्वा मीटर कोळसा.
चौदाला एक.
म्हणजे चौदा घमेली निरुपयोगी उपसावीत
तेव्हा एक घमेलं काळं हाती लागतं.
वीसपर्यंत परवडतं.
एकविसाला कंपनी घरी जाते.

माझं काम एवढंच:
नॉर्थम्बरलंडात, ॲम्बलच्या अलीकडे,
समुद्रवारा थेट अंगावर येतो त्या उतारावर
शंभर-शंभर मीटरवर भोकं पाडून घ्यायची
आणि न दिसणाऱ्याला किंमत लावायची.
राख अकरा टक्के. गंधक जरा जास्त;
वीजघर कुरकुरेल, पण घेईल.
डिझेल, सुरुंग, रस्ता, धुलाई,
आणि शेवटी खड्डा बुजवून वर गवत पेरायचा खर्च,
तो आधीच बँकेत ठेवावा लागतो,
म्हाताऱ्यांनी मर्तिकाचे पैसे बाजूला काढावेत तसा.

मी वणीची. आमच्याकडे म्हणतात,
कोळसा उगाळावा तितका काळाच.
इथे प्रयोगशाळा उगाळते
आणि दर वेळी दशांशचिन्हापुढे
वेगळा निघतो.

सत्तेचाळिसाव्या भोकाला
नॉर्मन चार्लटनच्या हाताखालचा दांडा
एकदम हलका झाला.
आत सोडलेलं पाणी वर आलंच नाही.
त्यानं इंजिन बंद केलं, हात पुसले,
म्हणाला, "इथे कुणीतरी येऊन गेलंय."

नळीतून निघाली लाकडाची चकती.
पाइन. वलयं मोजली, तेवीस.
छताला दिलेला टेकू असणार,
आमच्या पोलादी दातांनी बरोबर मधोमध कापलेला.
कोळसा असायला हवा तिथे
अजून कोळसा न झालेलं झाड.

जुन्या नकाशावर ती खाण कुंपणाशी थांबते.
लाल शाईची रेघ, व्यवस्थापकाची सही, १८९१:
यापुढे काम केलेले नाही.
आणि कुंपणापलीकडे साठ मीटर आत,
दुसऱ्याच्या जमिनीखालून,
रात्रपाळीत चोरून नेलेला थर.
सही मात्र सुवाच्य आहे.

शंभरातले साठ नेले त्यांनी, खांब तेवढे ठेवले.
चौदाचे पस्तीस झाले.
खाणीची हद्द मी त्या शेताला वळसा घालून काढली.

शेत एल्सी डॉड्सचं. सांगायला मीच गेले.
वाटलं होतं, वाचलं म्हणून हसेल.
तिनं चहा गाळला.
ॲम्बलमध्ये समुद्राकडे तोंड असलेलं
छोटं घर बघून ठेवलं होतं तिनं,
पडद्यांची मापंसुद्धा घेतलेली.
"म्हणजे आता खणायच्याही लायकीचं नाही?"
सध्याच्या भावात नाही, मी म्हटलं.
"आणि भाव वाढला तर?"
पस्तीसला कुठलाच भाव पुरत नाही, बाई.

बऱ्याच वेळानं, एकच बशी पुन्हा पुसत,
तिनं आजोबांचं काढलं.
ते रात्री स्वयंपाकघरात पालथे पडून
फरशीला कान लावायचे.
खालून कुणी ठोकतंय म्हणायचे.
गाव हसायचं. मरेपर्यंत वेडा डॉड्स,
शेवटी शेवटी तर बायकोच्या तोंडीही.
"काय साल आहे त्या नकाशावर?"
सांगितलं.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं
आणि मला उत्तर सांगितलं नाही.

अहवालात रकाने असतात: सिद्ध, संभाव्य, वगळलेला.
वगळलेल्यात मी लिहिलं,
भोक सत्तेचाळीस, जुने काम, नकाशात नोंद नाही.
शाळेत हातचा धरायचा राहिला
तरी पाटीवरचं उत्तर नीटनेटकंच दिसायचं.
बाईंची छडी पडेपर्यंत
आपण बरोबरच असायचो.

निघताना ती चकती मी तिच्या टेबलावर ठेवली.
दारातून वळून पाहिलं तर
एल्सी गुडघ्यांवर बसली होती,
चकती हातात घेऊन,
फरशीवर ठोकत होती.
दोनदा. मग थांबून.
मग पुन्हा दोनदा.